विज्ञानाच्या पदवीवरून पेटंट वकिलीकडे : कोणता अर्ज आधी भरायचा आणि कागद कुठे अडतात

बडोद्यात औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम करणारी आपली मुलं-मुली बरीच आहेत. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करून काही वर्षं काढली की अनेकांना पेटंटचं काम खुणावू लागतं. मग नोकरी सोडून एलएल.बी.ला नाव घालतात. थोडं थांबा. क्रम उलटा आहे.

पेटंट एजंटची नोंदणी वेगळी आणि वकिलीची सनद, म्हणजे कोर्टात वकिली करायचा परवाना, वेगळी. पेटंटचा अर्ज लिहिणं, दाखल करणं, तपासणी अहवालाला उत्तर देणं, कंट्रोलरसमोर, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, बाजू मांडणं, ही सगळी कामं एजंट करतो आणि त्याला एलएल.बी. लागत नाही. पेटंट कायद्याचं कलम १२६ मागतं ते एवढंच : भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी, आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण. नुसतं बी.ए., एलएल.बी. झालेल्याला हा रस्ता बंदच आहे. ही परीक्षा नोकरीत राहून देता येते, म्हणून आधी ती द्या.

सनद लागते कोर्टासाठी. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून कंट्रोलरच्या निर्णयावरचं अपील हायकोर्टात जातं. माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला गुणकारिता वाढल्याशिवाय पेटंट नाही, असं कलम ३(डी) सांगतं. औषधाच्या नव्या स्फटिकरूपाची गुणकारिता खरोखर वाढली का, हा वाद ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून चालूच आहे. तिथे प्रयोगाचे आकडे स्वतः वाचू शकणारा वकील हवाच.

परीक्षेत १०० गुणांचे दोन लेखी पेपर आणि ५० गुणांची तोंडी. लेखीच्या प्रत्येक पेपरात किमान ५० हवेत, हे सगळ्यांना माहीत असतं. एकूण ६० टक्के, म्हणजे २५० पैकी १५० हवेत, हे मात्र निसटतं. दोन्ही पेपरांत ५५ आणि तोंडीत ३० मिळवणारा नापास होतो.

शास्त्रज्ञ अडतात दुसऱ्या पेपरात, कारण तिथे पेटंट अर्जाचा मसुदा लिहायचा असतो आणि यांना शोधनिबंध लिहायची सवय. उदाहरणार्थ, पहिल्याच दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो हे सांगणाऱ्या वाक्यात, लिहितात, ‘मातीतून मिळवलेला बॅसिलसचा नवा स्ट्रेन’, म्हणजे जिवाणूचा नवा वाण. निसर्गात सापडलेला जीव कलम ३(सी)खाली बाद होतो, संपला दावा. त्या स्ट्रेनपासून बनवलेलं मिश्रण किंवा प्रक्रिया मागायची, प्रमाण आणि तापमान स्पष्ट द्यायचं, आणि असा जीव लोकांना सहज मिळण्यासारखा नसेल तर चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या मान्य सूक्ष्मजीव-संग्रहात तो जमा केल्याचा उल्लेख वर्णनात करायचा. याचा सराव हाताने लिहूनच करा.

परीक्षा दरवर्षी होईल असं धरून चालू नका. २०१८ नंतर ती थेट २०२३ मध्ये झाली. एवढी वर्षं उमेदवारांना ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे, पण जाहिरात निघते तेव्हा मुदत थोडी असते, म्हणून कागद आजच तयार ठेवा. सर्वांत जास्त त्रास नावाचा होतो. पदवीवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव; आधारवर लग्नानंतरचं नाव. आपल्या मुलींनी विवाह नोंदणी दाखला आणि गरज असेल तर राजपत्रातली नोंद आधीच करून घ्यावी. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठात पडून असेल तर तेही आणून ठेवा. दरवेळी गुणपत्रिकेवर भागेलच असं नाही.

पास झालात म्हणजे एजंट झालात असं नाही. फॉर्म २२ हा नोंदणीचा अर्ज आणि शुल्क भरून नोंदवहीत नाव चढल्याशिवाय स्वतःला पेटंट एजंट म्हणवणं कलम १२९ प्रमाणे मना आहे.

आता एलएल.बी. खुल्या वर्गाला पदवीत ४५ टक्के हवेत आणि वर्गात ७० टक्के हजेरी. पत्राद्वारे केलेली एलएल.बी. सनदेसाठी चालत नाही, त्या जाहिरातींना कृपा करून भुलू नका. सनदेचं शुल्क सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालाप्रमाणे खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. जास्त मागितले तर निकाल दाखवा.

खरी अडचण नोकरीची. बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. त्यामुळे कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र हातात आल्याशिवाय ‘मी नोकरीत नाही’ असं प्रतिज्ञापत्र करू नका; खोटं ठरलं तर सनद जाते. पुढे पुन्हा नोकरी धरली तर तसं कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. एजंटची नोंदणी मात्र नोकरीतही चालू राहते.

सनद मिळाल्यावर अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायची दोन वर्षांची मुदत नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, एलएल.बी.च्या निकालापासून नव्हे. ती तारीख सनदेवर छापलेली असते.