वीणेवाला आणि काठीवाला

प्राचीन ग्रीक महाकवी होमर म्हटला की डोळ्यांसमोर येतो वीणा घेतलेला आंधळा गायक. हे चित्र त्याच्या 'ओडिसी' या महाकाव्यानेच दिलंय. आठव्या सर्गात, राजाच्या मेजवानीत आंधळा देमोदोकस ट्रॉयच्या युद्धाची गोष्ट गातो आणि पाहुणा म्हणून आलेला काव्यनायक ओडिसियस अंगावरच्या वस्त्रात तोंड लपवून रडतो. देमोदोकस हा 'आओइदोस', म्हणजे गायक. पण अथेन्सच्या उत्सवात लोक होमर ऐकायचे तो 'ऱ्हाप्सोदोस'च्या तोंडून. या दोघांची गल्लत सर्रास होते.

आओइदोसच्या हातात फोर्मिंक्स हे तंतुवाद्य. संहिता पाठ नाही; कथा ठाऊक, वृत्त अंगात मुरलेलं आणि 'चपळ पायांचा अकिलीस', 'गुलाबी बोटांची उषा' अशी वृत्तात चपखल बसणारी तयार पदं जिभेवर. त्यांच्या आधाराने तो गाता गाताच ओळी रचायचा. असं खरंच जमतं का? होमरचा अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात जाऊन गुस्ले हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या गायकांना भेटला. त्यांतल्या निरक्षर अव्दो मेजेदोविचने त्याला १२ हजारांहून अधिक ओळींचं एकच काव्य सांगितलं. जवळजवळ अख्ख्या 'ओडिसी'एवढं!

ऱ्हाप्सोदोस म्हणजे 'गाणी शिवणारा'. नावावरून हाच जुळवाजुळव करणारा वाटेल, पण त्याच्या काळी होमरचे शब्द बऱ्यापैकी ठरून गेले होते. हातात वाद्य नाही, काठी. अथेन्सच्या पानाथेनाइया उत्सवातल्या स्पर्धेत एक जिथे थांबला तिथून दुसऱ्याने उचलायचं, असा दंडक होता. मनाचं घुसडायला जागा कुठे?

तरी याला नुसता पाठांतरवाला म्हणणं मला पटत नाही. प्लेटोच्या संवादातला ऱ्हाप्सोदोस इयोन सांगतो की, करुण प्रसंगी त्याचे डोळे भरतात, भयाच्या प्रसंगी केस उभे राहतात. मात्र त्याच वेळी नजर श्रोत्यांवर असते: ते रडले तर पैसे मिळून मी हसणार, ते हसले तर पैसे बुडून मी रडणार. पक्का नट!

आज कुणी होमरचं 'इलियड' सांगायला उभा राहिला तर तो कोणत्या जातकुळीचा, हे कळायला दोनदा ऐकावं लागेल. त्यालाच विचारून उपयोग नाही. युगोस्लाव्ह गायकही शपथेवर सांगायचे की आम्ही दर वेळी शब्दन् शब्द तोच गातो. ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली तर ओळी बदललेल्या असत.