रुग्ण-स्वयंसेवक (महामारीतील) : ताण आणि प्रेरणा

स्वतः आजारी असताना किंवा नुकतेच बरे झाल्यावर साथीच्या कामाला विनामोबदला हातभार लावणाऱ्यांना रुग्ण-स्वयंसेवक म्हणतात. फोनवरून इतर रुग्णांना धीर देणारे, बरे झाल्यावर प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) देणारे, उपचारांच्या चाचण्यांत सहभागी होणारे आणि संशोधनाचे प्रश्न ठरवायला मदत करणारे असे सगळे त्यात येतात. ज्या आजारामुळे ही माणसे कामाला येतात, तोच आजार त्यांना दमवतो. प्रेरणा आणि ताण दोन्ही एकाच ठिकाणाहून येत असल्यामुळे ‘उत्साही आहे, म्हणजे ठीक आहे’ हा अंदाज यांच्याबाबतीत हमखास चुकतो.

पश्चिम आफ्रिकेतील २०१४–१६ च्या इबोला साथीत बऱ्या झालेल्या रुग्णांनी संसर्गाचा संशय असलेल्या मुलांना सांभाळले. घरचे माणूस जिथे जवळ जाऊ शकत नव्हते, तिथे हे बरे झालेले रुग्ण आजारातून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे जाऊ शकत होते. कोविड-१९ च्या काळात, संसर्गानंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या त्रासाला ‘लाँग कोविड’ हे नावच २०२० मध्ये रुग्णांनी रूढ केले. रुग्ण-संशोधकांच्या एका गटाने ५६ देशांतील ३,७६२ जणांच्या लक्षणांची पाहणी करून ती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.

प्रेरणा. स्वयंसेवेमागची कारणे तपासण्यासाठी क्लॅरी, स्नायडर आणि सहकारी या मानसशास्त्रज्ञांची १९९८ ची प्रश्नावली वापरतात. तिच्यात ३० विधाने असून प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे असतात. मूल्ये, समज, सामाजिक संबंध, व्यवसाय, मनाचे संरक्षण (अपराधी भावनेसारख्या त्रासापासून सुटका) आणि आत्मविकास असे सहा हेतू त्यातून उलगडतात. रुग्णांच्या बाबतीत मनाच्या संरक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘शेजारच्या खाटेवरचा गेला, मी राहिलो’ ही बोचणी माणसाला कामाला लावते, पण थांबू देत नाही. दुसरी मोठी ओढ असते ती भूमिका बदलण्याची. महिनोन्‌महिने नुसती मदत घेतलेल्या माणसाला स्वतः कुणाच्या उपयोगी पडल्याने बळ येते. मदत करणाऱ्यालाच मदतीचा लाभ होतो हे तत्त्व फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये मांडले होते.

चाचणीत सहभागी होणाऱ्यांच्या प्रेरणेत एक गफलत मिसळलेली असू शकते. चाचणी म्हणजे आपल्यासाठी निवडलेला उपचार, असे ते धरून चालतात; प्रत्यक्षात कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. म्हणून संमतीपत्र वाचून दाखवल्यावर ‘समजले का?’ एवढेच न विचारता ‘तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणावे. निकालही कळवावा, विशेषतः तो नकारार्थी असेल तेव्हा. कोविडवरील उपचार तपासणाऱ्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांचे मृत्यू बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्मामुळे कमी होत नाहीत, हे जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट झाले. अशा वेळी दात्याला ‘आपले दान फुकट गेले’ असे वाटू शकते. त्या दानाशिवाय हे उत्तर मिळालेच नसते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

ताण. फोनवर समोरचा माणूस ऑक्सिजनचा आकडा सांगतो आणि ऐकणाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या ऑक्सिमीटरकडे जातो. दुसऱ्याच्या हकिकतीतून आपलाच आघात जागा होण्याची ही खूण आहे. शरीराचा ताण याहून फसवा. लाँग कोविडच्या अनेक रुग्णांमध्ये श्रमांनंतरची प्रकृतीची घसरण लगेच दिसत नाही. ती बहुधा १२ ते ४८ तासांनी येते आणि केवळ डोक्याच्या कामानेही येते. कामाची पाळी संपताच ‘कसे वाटतेय?’ विचारले की उत्तर ‘मस्त’ असेच येते, आणि ते खरेही असते. तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा विचारावा.

कोहेन आणि सहकाऱ्यांची ताणमापन प्रश्नावली (१९८३) सोयीची आहे. तिच्या १० प्रश्नांच्या आवृत्तीत एकूण गुण ० ते ४० असतात. पण ती मागच्या महिन्याविषयी विचारते आणि तिने निदान होत नाही. एका माणसाचे महिन्यामागून महिन्याचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. दोन माणसांची तुलना करू नये.

कामाची आखणी. सुरुवातीला अनुभवी साथीदाराबरोबर नुसते ऐकायला बसवावे. पुढे दीड तासाची पाळी, तीत दोन-तीनच फोन, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती आणि लागोपाठ दोन दिवस पाळी नाही, एवढे बंधन ठेवले तर बहुतेकांना झेपते. प्रत्येक पाळीला बदली माणूस आधीच ठरलेला असावा, म्हणजे कारण न सांगता ‘आज नाही’ म्हणता येते. औषधाचा प्रश्न आला की तो डॉक्टरकडे सोपवायचा, हे वाक्य तोंडपाठ करून घ्यावे.

गाडी घसरते ती ओळखीच्या जागी. स्वयंसेवकाने स्वतःचा नंबर दिला की मध्यरात्री फोन सुरू होतात. जो कधी नाही म्हणत नाही त्याच्याच पाळ्या वाढत जातात. काम जाईल या भीतीने लक्षणे लपवली जातात, आणि हे सर्वांत घातक. लक्षणे बळावलेल्या माणसाला यादीतून काढून टाकले, तर पुढचा कुणी तोंड उघडत नाही. त्याचे नाव यादीत ठेवून, बरे वाटेल तसे निरोप टाइप करणे किंवा माहितीपत्रक तपासणे असे बिनघाईचे काम द्यावे. लाट ओसरल्यावर एका संदेशाने गट बंद करण्याऐवजी शेवटची तारीख दोन आठवडे आधी सांगावी आणि प्रत्येकाशी निदान एकदा स्वतंत्रपणे बोलावे.