तेज घागरीत गेल्याची आवई

पंढरपूरला गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. वारकऱ्याला याचं केवढं अप्रूप! पण १९४७ पर्यंत हे सुख अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला नव्हतं. त्यांची वारी महाद्वारातल्या चोखोबांच्या समाधीपाशीच संपायची.

साने गुरुजींना हे सोसवेना. १९४६च्या कार्तिकी एकादशीलाच ते उपोषणाला बसणार होते. आधी लोकांची मनं तयार करू, असं म्हणून सेनापती बापटांनी त्यांना थांबवलं. गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले.

विरोधकांनी त्या उपोषणाचा अर्थच फिरवला. हे राजकारण आहे, देवावर जबरदस्ती आहे, धर्म बुडवायचा डाव आहे, असा प्रचार झाला. देवासाठी अन्न सोडलेल्या माणसाला धर्मबुडवा म्हणायचं! गांधीजींच्या कानांवरही विपरीत माहिती गेली आणि उपोषण सोडा, अशी त्यांची तार आली. गुरुजींनी तीही मानली नाही, आणि माझ्या मते तिथेच त्यांच्या श्रद्धेचा कस लागला. अखेर पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेल्या दादासाहेब मावळंकरांची मध्यस्थी फळाला आली, बडव्यांनी, म्हणजे मंदिराच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, प्रवेशाला संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं.

दार उघडलं तसा हल्ल्याचा रोख बदलला. आता गुरुजींना नावं ठेवून भागणार नव्हतं. म्हणून सनातन्यांनी सांगायला सुरुवात केली की मूर्ती बाटली, विठ्ठलाचं तेज आम्ही आधीच पाण्याच्या घागरीत काढून घेतलंय, राउळात उरलाय तो नुसता दगड. पायी चालत आलेल्या साध्या माळकऱ्यानं हे ऐकल्यावर काय करावं? पायांवर डोकं टेकवताना त्याच्या मनात एकच पाल चुकचुकणार: देव इथे आहे ना? दलितांना आत घ्यावं की नाही, हा वाद बाजूलाच पडला आणि संशय थेट विठ्ठलावर आला. मला यातलं सगळ्यात क्रूर वाटतं ते हेच. काही जुन्या मंडळींनी तर राउळात पाऊल टाकणंच सोडलं. बाहेरून कळसाचं दर्शन घेऊन ती माघारी फिरू लागली.

बाकीचे वारकरी रांगेत उभे राहिले. चोखोबांच्या समाधीवर माथा टेकवायचा आणि आत जायचं, असा त्यांचा क्रम आजही चालू आहे.