क्षयाची शस्त्रक्रिया: बरगड्यांपासून गोळ्यांपर्यंत

१९४५ पर्यंत क्षयाच्या शस्त्रक्रियेत फुफ्फुसाला सुरी लागतच नसे, म्हटले तरी चालेल. फुफ्फुस बाहेरून दाबून ठेवायचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळते, आतली पोकळी मिटते आणि थुंकीतून जंतू पडणे थांबते, असा हिशेब होता. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे सुईने छातीत हवा भरणे. ती हवा शोषली जाई, म्हणून दर काही आठवड्यांनी पुन्हा भरायची, आणि हे दोन-तीन वर्षे तरी चालायचे. फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असले तर हवेला शिरायला जागाच नसे. मग बरगड्यांची पाळी.

थोरॅकोप्लास्टीत सात-आठ बरगड्या दोन-तीन टप्प्यांत काढत. सगळ्या एकदम काढल्या तर भिंत श्वासागणिक आत-बाहेर हलू लागते. बऱ्याच ठिकाणी रुग्णाला पूर्ण भूल न देता फक्त जागा बधिर करीत, कारण त्याला खोकून कफ काढता यायला हवा. हाडावरचे आवरण जागेवर ठेवत. त्यातून नवे हाड धरले की खचलेली छाती तशीच पक्की होई. खांदा उतरे, कणा कलता होई. हे टाळायला काहींनी बरगड्यांखाली प्लास्टिकचे गोळे भरले. ते दशकांनंतरही पू धरून वर येत राहिले. या सगळ्याला आज क्रौर्य म्हणतात, ते पटत नाही. थुंकीत जंतू असलेले निम्मे रुग्ण पाच वर्षांत दगावत असताना वाकडा खांदा हा स्वस्तातला सौदा होता.

स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या पहिल्या गुणकारी औषधाने चित्र बदलले, पण एका रात्रीत नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी ४ आणि न घेणाऱ्या ५२ पैकी १४ जण दगावले. नंतर जंतू औषधाला दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतले अंतर बरेचसे बुजले. जोडीला पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) हे औषध आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, तेव्हा कुठे घडी बसली. गंमत अशी की शस्त्रक्रियेचा खरा बहर याच काळातला. औषधाच्या छत्राखाली फुफ्फुसाचा रोगट भाग कापून काढणे प्रथमच सुरक्षित झाले. आपल्याकडे वेल्लोरला छातीच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग १९४९ च्या सुमारासचा.

खरा वाद पुढचा. औषधाने थुंकी स्वच्छ झाली, पण क्ष-किरणात पोकळी किंवा गाठ दिसते आहे. ती कापायची की सोडून द्यायची? कापणाऱ्यांचे म्हणणे, आत जंतू दबा धरून आहेत. काढलेल्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतही. पण त्यांतले बरेच प्रयोगशाळेत वाढत नसत. मग ते मेलेले की झोपलेले? कापायचे की नाही याचा निकाल शस्त्रक्रियागृहात लागलाच नाही. तो लागला मद्रासला, आणि तोही वेगळ्याच प्रश्नाच्या पोटी.

भारतात तेव्हा रुग्ण लाखोंनी आणि खाटा हजारांतच. म्हणून १९५६ पासून मद्रासला गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे दोन गट केले: एक सॅनेटोरियममध्ये, एक घरी, औषधे दोघांना तीच, वर्षभर. वर्षाअखेर सॅनेटोरियममधले सुमारे ९२ आणि घरचे ८६ टक्के जंतुमुक्त. घरच्या माणसांना जास्त लागण झाली नाही. तुलना खाटेची होती, सुरीची नव्हती. पण छाती न दाबता, काही न कापता एवढे लोक बरे होतात म्हटल्यावर शस्त्रक्रियेचा आधारच गेला. निर्णय टंचाईने करवून घेतला हे खरे, आणि पुढच्या सरकारी कार्यक्रमात बारा महिने रोज गोळ्या घेववण्याचे काम किती ढिसाळ झाले हेही खरे. घरी गोळ्या नियमित घेतल्या जाणार नाहीत, हा सॅनेटोरियमवाल्यांचा इशारा चुकीचा नव्हता.

रिफॅम्पिसिन आल्यावर उपचार सहा महिन्यांवर आला आणि शस्त्रक्रिया गुंतागुंतीपुरती उरली: न थांबणारा रक्तस्राव, जुन्या पोकळीत वाढलेली बुरशी, पूर्ण नासलेले फुफ्फुस. बहुऔषधरोधक क्षयामुळे, मुंबईतल्या रुग्णांमुळे विशेषतः, रोगट भाग कापण्याचा विचार पुन्हा सुरू झाला. आजही तो औषधांच्या जोडीनेच होतो. रोग एका बाजूला मर्यादित असावा लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतर अनेक महिने गोळ्या चालूच राहतात.