पार्श्वभूमी: मॅश्ड पोटॅटोतल्या गुठळ्या कशा गेल्या

मॅश्ड पोटॅटो मऊसूत हवा असेल तर लोणी सढळ हाताने घाला, असं बहुतेक कृती सांगतात. या पदार्थाचा इतिहास पाहिला तर लोण्याला एवढं श्रेय देता येत नाही. लोणी आणि दूध त्यात पहिल्यापासून आहेत. घरच्या भांड्यातल्या गुठळ्या मात्र फार उशिरा गेल्या. त्या गेल्या हाताने फिरवायच्या एका यंत्रामुळे, आणि त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडे होळीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून खाली काढला जातो.

इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या पाककृतींच्या पुस्तकात या पदार्थाची कृती आहे. दोन पौंड, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम बटाटे उकडून सोलायचे, कुस्करायचे, त्यात एक पाइंट (साधारण अर्धा लिटर) दूध आणि मीठ घालून तळाला लागू न देता ढवळायचं आणि शेवटी पाव पौंड लोणी. आजच्या कृतीत यापेक्षा वेगळं फारसं काही नसतं. दूध मात्र बरंच आहे, त्यामुळे हा प्रकार ताटात पसरत असणार.

फ्रान्समध्ये त्या काळी बटाटा म्हणजे डुकरांचं खाणं, वर त्याने कुष्ठरोग होतो असा समज. हे चित्र बदलण्याचं श्रेय आंत्वान पार्मांतिए (१७३७–१८१३) यांना दिलं जातं. हे सैन्यातले औषधनिर्माते. सप्तवार्षिक युद्धात ते प्रशियाच्या कैदेत पडले, तिथे बटाट्यावरच दिवस काढावे लागले, आणि सुटल्यावर प्रकृती ठणठणीत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पुढे धान्यटंचाईच्या वर्षांत बझाँसाँच्या अकादमीने गव्हाला पर्यायी अन्न कोणतं, यावर निबंधस्पर्धा ठेवली. ती त्यांनी बटाट्याची बाजू मांडून जिंकली. १७८० च्या दशकात राजाने त्यांना पॅरिसजवळ साब्लाँ इथे जमीन दिली. तिथल्या बटाट्यांवर दिवसा शिपाई उभे असायचे आणि रात्री मुद्दाम काढून घेतले जायचे, म्हणजे लोकांनी चोरून न्यावेत, अशी कथा फ्रान्समध्ये आजही सांगतात. कथा इतकी बेतीव आहे की तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये.

गंमत अशी की पार्मांतिएंना प्युरीत, म्हणजे मॅश्ड पोटॅटोच्या फ्रेंच अवतारात, रस नव्हताच. त्यांना बटाट्याचा पाव हवा होता. तो काही चालला नाही. चालला तो त्यांच्या नावाचा ‘आशी पार्मांतिए’: खाली खिमा, वर बटाट्याच्या प्युरीचा थर, आणि सगळं भट्टीत खरपूस केलेलं.

मोठ्या स्वयंपाकघरांत प्युरी चाळणीवर घासून काढायला हाताखालची पोरं असत. घरी काटा, लाकडी दांडा आणि बाईचा दंड. इथे झाँ माँतले येतात. पॅरिसला लागून असलेल्या बान्योले इथे त्यांची लहानशी कार्यशाळा होती. बायकोने केलेल्या प्युरीत गुठळ्या लागल्या आणि त्यावरून त्यांना भाज्या दळायच्या यंत्राची कल्पना सुचली, अशी आख्यायिका. (बायकोचं म्हणणं कोणी नोंदवून ठेवलेलं नाही.) बेल्जियममध्ये व्हिक्तोर सिमों यांचं ‘पास-व्हीत’ नावाचं असंच यंत्र १९२८ मध्येच आलं होतं, त्यामुळे कल्पना अगदी आभाळातून पडली नसावी. माँतलेंचं यंत्र १९३२ सालचं: भोकांची चकती, तिच्यावर फिरणारं तिरकं पातं, वर दांडा. पहिल्या किमतीला ते फारसं कुणी घेईना. किंमत बरीच उतरवल्यावर मात्र प्रचंड खपलं. याच धंद्यातून मूलिनेक्स ही कंपनी उभी राहिली. १९५० च्या दशकात ती विजेच्या उपकरणांकडे वळली, आणि मिक्सरसारख्या त्याच उपकरणांत बटाटा घातला की त्याचा डिंक होतो.

तो का होतो, हे एकदा कळलं की बाकीची कृती आपोआप समजते. बटाट्याच्या प्रत्येक पेशीत स्टार्चचे कण भरलेले असतात. साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसला ते पाणी शोषून फुगतात, आणि पुढच्या उष्णतेने पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल होतं. पेशी एकमेकींपासून सुटल्या पण फुटल्या नाहीत, तर जिभेला मऊ लागतं. फुटल्या तर आतलं स्टार्च बाहेर येतं आणि चिकटा होतो. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, तिथे पेशी वाचायच्या कशा? दांड्याचं यंत्र बटाटा एकदाच दाबून भोकांतून काढतं आणि सोडून देतं.

या साध्या पदार्थाला पंचतारांकित मान मिळवून दिला जोएल रोब्यूशाँ यांनी. पॅरिसमध्ये १९८१ साली या शेफनी ‘जामँ’ हे रेस्टॉरंट सुरू केलं आणि १९८४ मध्ये मिशलॅन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च तारा मिळवला. अशा ठिकाणी लोक बटाट्याच्या प्युरीसाठी येऊ लागले. त्यांच्या छापील कृतीत एक किलो बटाट्याला २५० ग्रॅम लोणी आहे, म्हणजे ग्लासबाईंच्या दुप्पट. सगळे बोलतात ते या आकड्याबद्दल. माझ्या मते खरी मेख त्यांच्या क्रमात आहे. ‘रात’ जातीचे लहान बटाटे सालासकट, थंड पाण्यापासून उकडायला ठेवायचे. गरम असतानाच सोलून दळायचे. मग पातेल्यात काही मिनिटं ढवळत त्यातला ओलावा उडवायचा. थंड लोण्याचे तुकडे थोडे थोडे घालत जोरात घोटायचं, त्यानंतर उकळतं दूध बारीक धारेने. शेवटी सगळं पुन्हा बारीक चाळणीतून. ‘रात’ हा पिठूळ बटाटा नाही, अमेरिकी कृती सांगतात त्याच्या उलट. म्हणूनच त्याला इतकी मेहनत लागते.

तिकडे अमेरिकेत १९५० च्या दशकात कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत झटपट प्युरीचे फ्लेक्स तयार करताना एक युक्ती हाती लागली होती. बटाट्याचे काप आधी ७० अंशांच्या आसपास वीसेक मिनिटं ठेवायचे, थंड करायचे, मग नीट शिजवायचे. मधल्या थंडाव्यात फुगलेलं स्टार्च घट्ट बसतं आणि नंतर पेशी फुटल्या तरी फारसं चिकट होत नाही. पाकिटातल्या प्युरीसाठी निघालेली ही गोष्ट नंतर ब्रिटनच्या हेस्टन ब्लूमेंथाल यांच्यासारख्या नामांकित शेफनी उचलली.

आता मराठी स्वयंपाकघराचं. माँतलेंच्या यंत्राचं काम आपलं पुरणयंत्र तंतोतंत करतं. ते नसेल तर बारीक शेवेची ताटली लावलेला सोऱ्या चालतो. बटाटा गरम हवा, एवढंच. पुरणाची चाळणी म्हणजे रोब्यूशाँची शेवटची पायरी. बटाटे कुकरमध्ये पाण्यात बुडवण्यापेक्षा डब्यात, पाण्याशिवाय, सालासकट शिजवले तर ओलावा मुळातच कमी राहतो. बाजारात जात विचारून बटाटा क्वचितच मिळतो. त्यातल्या त्यात नव्या, पातळ सालीच्या बटाट्यापेक्षा जुना, सुकलेला बटाटा बरा. फ्रिजमध्ये बरेच दिवस ठेवलेला मात्र घेऊ नका, थंडीत स्टार्चची साखर होते आणि प्युरी गोडसर लागते.

लोण्याच्या बाबतीत आपण उलट नशीबवान आहोत. फ्रान्समध्ये बरंचसं लोणी विरजलेल्या सायीचं असतं, आणि घरी ताक घुसळून निघणारं पांढरं लोणीही तसंच, शिवाय बिनमिठाचं. विकतचं पिवळं खारं लोणी वापरत असाल तर मीठ हात राखून घाला. किलोला २०० ग्रॅमच्या वर जायची मला कधी गरज वाटलेली नाही.