आगमनकाळातलं भरलेलं जीवन

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस. वसईकडचे मराठी कॅथलिक हाच शब्द वापरतात, बाकी बरेच जण सरळ ॲडव्हेंट म्हणतात. सुरुवात ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरमध्ये कधीही, त्यामुळे हा काळ कधी २८ दिवस चालतो तर कधी २२ दिवसांतच आटपतो. २०२३ ला चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरलाच आला, मग सकाळी आगमनकाळाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रात्री लगेच नाताळची. चर्चचं उपासनेचं वर्षसुद्धा इथूनच सुरू होतं.

आता "भरलेलं जीवन" कुठून आलं तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १०:१० मध्ये, येशू म्हणतो की लोकांना जीवन मिळावं आणि तेही भरपूर मिळावं म्हणून मी आलोय, आणि स्तोत्र १६ च्या शेवटी हाच भरपूरपणा देवाच्या सान्निध्यात असल्याचं म्हटलंय. गंमत अशी की या काळात चर्चमध्ये सगळं कमी केलेलं असतं. झगे जांभळे, वेदीवर फुलं मोजकीच, रविवारचं ग्लोरिया हे स्तुतिगीत बंद. ईस्टरआधीच्या उपवासकाळाइतकं कडक मात्र नसतं, आलेलुयाचा जयघोष चालू राहतो आणि तिसऱ्या रविवारी फादर गुलाबी झगा घालू शकतात कारण त्या दिवशीचा सूरच मुळी "आनंद करा, प्रभू जवळ आहे" असा असतो. म्हणजे अजून यायचाय, पण जवळ तर आहेच.

हे जवळ असणं बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या संत बर्नार्डने छान मांडलंय. त्याच्या मते येशूचं येणं तीनदा असतं, एक बेथलेहेमात झालं, एक शेवटच्या दिवशी होईल आणि मधलं एक आत्ता, माणसाच्या मनात, कोणाला दिसत नाही असं. भक्तीच्या अंगाने बघितलं तर आगमनकाळाचा सगळा जीव या मधल्या येण्यातच आहे असं माझं मत, नाहीतर उरते नुसती खरेदी आणि कॅलेंडरवरची उलटी मोजणी.

याचं सगळ्यात कठीण उदाहरण बर्लिनच्या टेगेल तुरुंगातलं. नाझींनी पकडलेला लुथेरन पाळक डीट्रिश बोनहोफर १९४३ च्या नोव्हेंबरात मित्राला लिहितो की तुरुंगाची कोठडी म्हणजे आगमनकाळच वाटतो, माणूस वाट बघतो, काहीबाही करत राहतो, पण दार बाहेरूनच उघडणार. पुढच्याच वर्षी डिसेंबरात त्याच तुरुंगात जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर आल्फ्रेड डेल्प हाताला बेड्या असताना कागदांवर आगमनकाळाची चिंतनं लिहीत होते आणि ते कागद चोरून बाहेर पोचवले जात होते. त्यांचं म्हणणं, हा काळ माणसाला मुळापासून हादरवण्यासाठी आहे, हादरल्याशिवाय आपण आपल्याच बळावर जगत नाही हे कळत नाही. २ फेब्रुवारी १९४५ ला त्यांना फाशी झाली, बोनहोफरला एप्रिलमध्ये. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही अशा दोघांनी भरलेपणाबद्दल लिहिलं, म्हणून ते गुळगुळीत वाटत नाही.

आगमनकाळात दर रविवारी एकेक पेटवतात ते मेणबत्त्यांचं चक्र त्यामानाने अलीकडचं, १८३९ ला हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखर्नने अनाथाश्रमातल्या पोरांना दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर रोजच्या छोट्या लाल आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. आता चारच असतात, कॅथलिकांकडे बहुतेक तीन जांभळ्या आणि एक गुलाबी.

मिस्सेतली बायबलची वाचनं मुख्यतः यशया संदेष्ट्याची, मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची, शेवटी मारियेची. तीन वर्षांतून एकदा तिसऱ्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानाचा ३ रा अध्याय येतो, जसा १५ डिसेंबर २०२४ ला आला. लोक योहानाला विचारतात मग आम्ही करायचं काय, आणि तो ध्यानाला बसा वगैरे काही सांगत नाही, दोन अंगरखे असतील तर एक द्या म्हणतो, जकातदारांना ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका आणि शिपायांना पगारात भागवा.