वार खाली आहे म्हणजे सिझेरियनच?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा: पाचव्या महिन्यात वार (प्लासेंटा) खाली, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ दिसली की सिझेरियन ठरलेलंच, टाळायचं तर पायाखाली उशा घेऊन पडून राहा, वार वर सरकते.

असं वाटणं साहजिक आहे. अनेकींनी उशा घेतल्या आणि पुढच्या सोनोग्राफीत वार खरंच वर दिसली. पण ती उशांशिवायही तशीच दिसली असती. वार चिकटलेली जागा सोडून चालत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांब होतो, त्यामुळे वारेची कड आणि गर्भाशयाचं तोंड यांतलं अंतर वाढतं. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या दहापैकी साधारण नऊ जणींमध्ये प्रसूतीपर्यंत हा प्रश्न उरत नाही.

म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासणी होते, गरज पडल्यास ३६ व्या. योनीमार्गे केलेली सोनोग्राफी यात जास्त अचूक असते, आणि सुरक्षितही. रिपोर्टमध्ये एकच आकडा शोधा: वारेची कड तोंडापासून किती मिलिमीटरवर? २० किंवा जास्त असेल तर नॉर्मल प्रसूतीला वारेची आडकाठी नाही. त्याहून कमी असेल तर डॉक्टरांशी नीट बोलून ठरवायचं. वार तोंडावरच असेल तर मात्र सिझेरियनच, बहुधा ३६-३७ व्या आठवड्यात. आधीचं सिझेरियन असेल तर वार जुन्या टाक्यांवर रुतली आहे का, हेही विचारा.

रक्तस्राव झाला, अगदी न दुखता, तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.